जिवाणूचा न उमटलेला ठसा

२००४ साली नेदरलँड्समधील एका रुग्णालयात शस्त्रक्रियेपूर्वी एका लहान मुलीची तपासणी झाली, तेव्हा तिच्या अंगावर ‘एमआरएसए’ जिवाणू सापडला. विद्यार्थी मित्रांनो, स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू अनेक निरोगी माणसांच्या नाकात निमूटपणे राहतो. एमआरएसए हा त्याचाच असा प्रकार, की ज्यावर पेनिसिलिनच्या कुळातील जवळजवळ सर्व औषधे निकामी ठरतात. तो जखमेत शिरला तर जिवावर बेतते. त्या देशात तो क्वचितच आढळे. मग तो आला कोठून? मुलीचे आईवडील डुकरे पाळीत असत.

संशय डुकरांवर गेला; पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. दोन घरांत काळी छत्री सापडली, म्हणून ती एकाच माणसाची ठरत नाही. जिवाणूचे नाव जुळून भागत नाही, त्याचा वाण जुळावा लागतो.

वाण ओळखण्याच्या एका पद्धतीत भौतिकशास्त्राची गंमत आहे. जिवाणूच्या डीएनएत सुमारे २८ लाख अक्षरजोड्या असतात. ‘एसएमए-१’ नावाचे एन्झाइम ठरावीक सहा अक्षरे दिसतील तेथेच त्याला कापते. हे तुकडे अगारोजच्या जेलमध्ये ठेवून विद्युत्क्षेत्र लावले, की ऋण प्रभारामुळे ते धन टोकाकडे सरकतात. लहान तुकडे पुढे, मोठे मागे, असे व्हायला हवे. पण फार लांब तुकडे सापासारखे ताणले जाऊन सारख्याच वेगाने सरपटतात आणि वेगळे होत नाहीत! १९८४ मध्ये श्वार्ट्झ आणि कँटर यांनी यावर युक्ती प्रसिद्ध केली : क्षेत्राची दिशाच वारंवार बदलायची. गल्लीच्या वळणावर सायकल चटकन वळते, पण उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला वेळ लागतो. तसेच येथे. प्रत्येक वळणावर लांब तुकडा मागे पडतो आणि शेवटी पट्ट्यांची रांग उमटते. हाच वाणाचा ठसा.

आता गंमत पाहा. या मुलीच्या जिवाणूचा ठसा उमटलाच नाही! डीएनए कापलाच गेला नव्हता. प्रयोग फसला असे कोणीही म्हटले असते. पण डुकरे पाळणाऱ्या इतरांकडील जिवाणूही तसेच वागले. त्या भागातील २६ वराहपालकांपैकी ६ जणांजवळ एमआरएसए सापडला, हे २००५ साली प्रसिद्ध झाले. न कापले जाण्याचे कारण पुढे कळले. हा वाण स्वतःच्या डीएनएवर मिथाइल गट चिकटवतो, त्यामुळे कात्री तेथे चालत नाही.

अर्थात ‘ठसा नाही’ ही काही पुरेशी ओळख नव्हे. म्हणून सात जनुकांच्या तुकड्यांतील अक्षरे प्रत्यक्ष वाचण्याची पद्धत वापरली गेली. तिच्यात या वाणाला ३९८ हा क्रमांक मिळाला.

तरीही एक प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा. माणूस आणि डुक्कर यांच्याकडे एकच वाण सापडला, तर कोणी कोणाला दिला? ठसे जुळले तरी दिशा कळत नाही. २०१२ साली १९ देशांतील ८९ नमुन्यांचे संपूर्ण डीएनए वाचून वंशवृक्ष मांडला गेला. त्यातून असे दिसले, की या वाणाचा पूर्वज माणसांतला होता आणि त्याच्यावर मेथिसिलिन चालत असे. तो माणसांकडून जनावरांत गेला. डुकरांना टेट्रासायक्लिन मोठ्या प्रमाणावर दिले जाई. जनावरांत राहून त्याने टेट्रासायक्लिन व मेथिसिलिन या दोन्हींना दाद न देण्याची जनुके मिळवली, माणसाच्या प्रतिकारशक्तीला चकवणारी काही जनुके मात्र गमावली, आणि मग तो माणसाकडे परतला.