आज रात्री कोण थांबणार?

२९ ऑक्टोबर १८९६ या दिवशी हजारभर गिरणी कामगारांनी ऑर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली. हे म्हणजे आजचं कस्तुरबा रुग्णालय. शहरात प्लेग शिरल्याला महिना उलटला होता. मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगास यांनी सप्टेंबरात त्याचं निदान केलं होतं. पालिकेची माणसं खोल्याखोल्यांत शिरून आजाऱ्याला उचलून नेत होती आणि नेलेल्या माणसाचं पुढे काय झालं हे घरच्यांना कळायला काही मार्ग नव्हता. आत गेलेला परत येत नाही, आत माणसं मारून टाकतात, अशा वावड्या गल्लोगल्ली उठल्या. त्या खोट्या होत्या, पण आपलं माणूस आपल्या नजरेआड मरणार ही भीती खोटी नव्हती. पुढे सरकारलाही शहाणपण सुचलं. जातीजमातींना आपापली प्लेग रुग्णालयं काढायला परवानगी मिळाली. तिथे घरचं कुणीतरी जवळ बसू शकत होतं, आपल्या रीतीचं अन्न देऊ शकत होतं. लोकांचा विरोध निवळायला त्याची मोठी मदत झाली.

तेव्हापासून मुंबईच्या इस्पितळांत खाटेशेजारी एक नातेवाईक असतोच. परळचं केईएम १९२६ साली उभं राहिलं, टाटा कॅन्सर रुग्णालय १९४१ साली. त्यांच्या इमारती वाढल्या, यंत्रं आली, पण संध्याकाळी वॉर्डात विचारला जाणारा प्रश्न तोच राहिला : आज रात्री कोण थांबणार? या थांबणाऱ्यानं करायचं काय, हे कुठल्याही फलकावर लिहिलेलं नसतं. रिपोर्ट आणायचे, रक्तपेढीत धावायचं, केसपेपर शोधायचा, भरवायचं, बेडपॅन द्यायचं, कूस बदलायची. सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असतो, त्यामुळे शुश्रूषेचा अर्धा भार न शिकलेल्या, न झोपलेल्या आणि मनातून घाबरलेल्या माणसावर येतो. त्याला सगळे मिळून देतात काय, तर धीर. धीर धरा, सगळं ठीक होईल. त्याला खरं तर दोन गोष्टी हव्या असतात. कूस कशी बदलायची हे कुणी हाताला धरून शिकवावं आणि उद्याच्या रात्री त्याच्याऐवजी दुसऱ्या कुणी थांबावं.

आपल्याकडे या घरच्यांचा विचार आधी झाला तो निवारा आणि जेवण या अंगानं, आणि तो डॉक्टरांच्या आधी एका कीर्तनकारानं केला. गाडगे महाराजांनी जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा उभारली, ती रुग्णाबरोबर गावाहून आलेल्यांना डोकं टेकायला आणि दोन भाकऱ्या भाजायला जागा हवी म्हणून. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही टाटाच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना ठेवून घेते. परळला नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून हेच काम करते. टाटासमोरच्या जेरबाई वाडिया रस्त्यावर फुटपाथवर बिऱ्हाड मांडलेली कुटुंबं बघून हरखचंद सावला यांनी कोंडाजी चाळीतून अन्नदान सुरू केलं. कॅन्सर झालेल्या मुलांसाठी २००६ साली सेंट ज्यूड सुरू झालं. तिथे मुलाबरोबर आईबापांनाही ठेवून घेतात, प्रत्येक कुटुंबाला स्वतःची खोली मिळते आणि आई स्वतःच्या हातानं सामायिक स्वयंपाकघरात रांधते. रेल्वेही कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरमध्ये फुकट नेते आणि सोबतच्या एका माणसाला भाड्यात ७५ टक्के सवलत देते. सोबत्याची ही दखल मला फार मोलाची वाटते, कारण बाकी सरकारी कागदांत सोबती कुठेच नसतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रियेचा खर्च निघेल, पण मुलाचा बुडालेला रोज भरून निघत नाही.

घरच्यांच्या या प्रश्नांची उकल करायला इस्पितळात पगारी माणूस हवा, हेही मुंबईतच पहिल्यांदा पटलं. १९३६ साली नागपाड्यात समाजकार्याचं शिक्षण देणारी टाटांची संस्था सुरू झाली आणि १९४६ साली जे. जे.मध्ये देशातली पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली. ‘सोशल वर्करला भेटा’ हे वाक्य बहुतेकांच्या कानावर पैशांची वेळ आल्यावरच पडतं. ते दाखल होतानाच पडायला हवं.

गिरगावची गोष्ट थोडी वेगळी. इथल्या माणसाला धर्मशाळा लागत नाही. हरकिसनदास दारात, जे. जे. हाकेच्या अंतरावर, परळ बसनं अर्ध्या तासावर. इथे अडचण सुरू होते ती रुग्णाला घरी पाठवल्यावर. ‘आता घरीच सांभाळा’ असं सांगून डिस्चार्ज मिळतो आणि घर म्हणजे दहा बाय बाराची खोली, गॅलरीच्या टोकाला संडास आणि चढायला अरुंद लाकडी जिना. ज्यांनी चाळीत आजारी माणूस खाली उतरवलाय त्यांना ठाऊक असेल : स्ट्रेचर वळणावर अडकतं, म्हणून हातांची लाकडी खुर्ची घ्यायची, माणसाला चादरीनं खुर्चीला बांधायचं, दोघांनी खालून पाय धरायचे, दोघांनी वरून पाठ, आणि एकानं पुढे ‘सांभाळून, अजून दोन पायऱ्या’ असं ओरडत चालायचं. त्या खुर्चीला कधी माणसं कमी पडत नसत. आता वाड्यांच्या जागी टॉवर झाले, संडास घरात आला, लिफ्टमध्ये व्हीलचेअर मावते. सोय झाली हे चांगलंच झालं. पण मुलगा पुण्याला, मुलगी कॅनडात, आणि सत्तरीची बायको पंचाहत्तरीच्या नवऱ्याला एकटी उचलतेय, हे बंद दाराआड कुणाला दिसत नाही.

तिला जे शिकवायला हवं ते फार अवघड नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची. माणसाला काखेत हात घालून ओढायचं नाही, तर अंगाखाली दुमडलेली चादर घालून ती दोन्ही बाजूंनी धरून सरकवायची, म्हणजे कातडी घासली जात नाही आणि स्वतःची कंबरही वाचते. पूर्ण कुशीवर न टेकवता पाठीमागे उशी देऊन किंचित कललेलं ठेवायचं. टाचा गादीला लागू द्यायच्या नाहीत, पोटऱ्यांखाली उशी. माकडहाडावर लाली दिसली आणि बोटानं दाबूनही ती जात नसेल तर तिथे मालीश मुळीच करायचं नाही, सिस्टरला दाखवायचं. नाकातल्या नळीनं अन्न देताना पाठ उंच हवी, आधी नळीवरची खूण जागेवर आहे का बघायचं, नंतर नळीत पाणी सोडायचं आणि निदान अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. एखादी अनुभवी परिचारिका हे सगळं तासाभरात करून दाखवते. बहुतेक घरांना तो तास मिळत नाही. डिस्चार्जच्या कागदावर औषधांची यादी असते आणि खाली लिहिलेलं असतं, ‘पाठीची काळजी घ्यावी’.

मॉर्फिनची कथा आणखी निराळी. कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर ती साधी, स्वस्त गोळी आहे. पण १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानं तिच्याभोवती परवान्यांचं असं जंगल उभं केलं, की पुष्कळ डॉक्टरांनी ती ठेवणंच सोडलं. २०१४ साली कायदा सैल झाला, तरी लोकांच्या मनातली अफू काही गेली नाही. ‘सवय लागेल’ म्हणून मुलगा गोळी लपवून ठेवतो आणि बाप रात्रभर कण्हतो. मॉर्फिन दुखायची वाट न बघता घड्याळ लावून, साधारण दर चार तासांनी द्यायचं असतं आणि सोबत पोट साफ होण्याचं औषध हवंच. हे कुणी शांतपणे समजावलं तर त्या घरातल्या सगळ्यांनाच झोप लागते.

हे समजावणारी मंडळी मुंबईत आहेत. माउंट मेरीजवळ वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ साली शांती अवेदना सदन काढलं. असाध्य कॅन्सरच्या रुग्णांसाठीचं हे भारतातलं पहिलं हॉस्पिस. होली क्रॉसच्या सिस्टर्स ते चालवतात आणि पैसे घेत नाहीत. टाटामध्ये १९९६ पासून वेदना शमवणारा पॅलिएटिव्ह विभाग आहे आणि त्याची माणसं मुंबईतल्या घरी जाऊनही बघतात. या शाखेची जननी लंडनच्या सिसिली सॉन्डर्स. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या आणि शेवटी डॉक्टर. १९६७ साली त्यांनी सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडलं तेव्हा घरच्यांना त्यांनी उपचारातच धरलं होतं, भेटीच्या वेळेपुरतं नाही. आपल्याकडे मात्र पॅलिएटिव्हकडे पाठवलं की ‘डॉक्टरांनी हात टेकले’ असा अर्थ निघतो आणि लोक शेवटच्या आठवड्यात जातात. तोवर माणूस वेदनेनं आणि घर जागरणानं पार पिचलेलं असतं.

‘बाबांना काही सांगू नका हं’ ही विनंती तर प्रत्येक कॅन्सर डॉक्टरनं दाराबाहेर ऐकलेली असते. बाबांना बहुधा सगळं कळलेलं असतं आणि तेही डॉक्टरांना हळूच म्हणतात, ‘हिला सांगू नका, कोसळेल.’ दोघंही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत एकाच खोलीत राहतात, आणि या नाटकाचं ओझं आजारापेक्षा कमी नसतं. चांगला समुपदेशक इथे घरच्यांना दटावत नाही. तो रुग्णालाच विचारतो, तुम्हाला आजाराबद्दल किती जाणून घ्यायचंय? काहींना सगळं हवं असतं, काहींना ‘मुलाशी बोला’ एवढंच. विचारल्यावर मग बँकेचे कागद, गावचं घर, रुसलेला भाऊ, हे सगळे राहिलेले विषय वेळेत निघतात. अन्नाचंही तसंच. शेवटी भूक सरते आणि ‘चार घास तरी खा’ म्हणत भरवलेला वरणभात श्वासनलिकेत जाऊ शकतो. तेव्हा ओठ ओले ठेवायचे, ओल्या कापसानं तोंड पुसायचं. जेवला नाही म्हणून तो जात नाहीये, तो चाललाय म्हणून जेवत नाहीये, हे एकदा कुणी डॉक्टरनं त्या बायकोला सांगितलं पाहिजे. म्हणजे ती पुढची दहा वर्षं स्वतःला दोष देत राहत नाही.

दीर्घ शुश्रूषेची गोष्ट निघाली की परळमध्ये केईएमचं नाव निघतंच. तिथल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी इस्पितळातल्याच सफाई कामगारानं अत्याचार केला. मेंदूला झालेल्या इजेतून त्या सावरल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, जवळजवळ ४२ वर्षं, त्यांना सांभाळलं ते त्यांच्या सहकारी परिचारिकांनी. परिचारिकांच्या पिढ्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, तरी अंगाला शय्याव्रण झाला नाही. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्यांचं पोषण थांबवण्याची याचिका फेटाळली, तेव्हा त्यांच्या वतीनं बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचाच मानला. या मायेचं कौतुक पुष्कळ झालं आणि ते रास्तच आहे. पण एक साधी गोष्ट त्यात बोलली जात नाही. ही सेवा पाळ्यांमध्ये वाटलेली होती. सकाळची सिस्टर ड्यूटी संपली की घरी जात होती, जेवत होती, झोपत होती, आणि दुसरी तिच्या जागी येत होती. माया सगळ्यांकडे होती, पण ४२ वर्षं टिकली ती ड्यूटीच्या वेळापत्रकामुळे. गिरगावातल्या त्या सत्तरीच्या बाईकडे माया तेवढीच असते आणि वेळापत्रक नसतं.

ज्यांना परवडतं ते ब्यूरोची मावशी ठेवतात, बारा तासांची. चांगली मिळाली तर घर तरून जातं. पण चोवीस तासांसाठी दोन मावश्या म्हणजे मध्यमवर्गीय पेन्शन संपली. मग उरतात शेजारी आणि भेटायला येणारे. भेटायला येणाऱ्यांविषयी मी जरा कडवट आहे. शहाळं आणतात, खाटेवर बसतात, आमच्या काकांनाही असंच झालं होतं म्हणून काकांचा शेवट साद्यंत सांगतात, आणि घरची बाई तोवर चहा टाकते. जाताना ‘काही लागलं तर हक्कानं सांगा’. हक्कानं कुणी सांगत नसतं. ‘मंगळवारी दोन ते पाच मी बसते, तुम्ही झोपा’ असं म्हणणारी शेजारीण त्या शंभर भेटींना भारी.

केरळनं याची रीतसर घडी बसवली. कोझिकोडला १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल आणि सुरेश कुमार यांनी वेदनाशमनाचं केंद्र काढलं. पुढे त्यातून गावोगाव शेजाऱ्यांची जाळी विणली गेली. आठवड्याचे दोन-चार तास देणारे शिक्षक, दुकानदार, रिक्षावाले; त्यांना थोडं प्रशिक्षण, पाठीशी नर्स आणि लागेल तेव्हा डॉक्टर. २००८ साली सरकारनं ते धोरण म्हणूनच स्वीकारलं. आपल्या भागात माणसांची वानवा आहे असं कोण म्हणेल? पाडव्याच्या शोभायात्रेला गिरगावात ढोलपथकं मिनिटामिनिटाच्या शिस्तीत उभी राहतात, लालबागच्या राजाचं मंडळ डायलिसिस केंद्र चालवतं, कितीतरी मंडळं व्हीलचेअर, फाउलर कॉट, वॉटर बेड अनामत घेऊन देतात. खाट देता येते तर खाटेशेजारी बसायला तीन तासांचा माणूस देणं त्याच यंत्रणेला जमावं. त्यासाठी वर्गणीही लागत नाही, फक्त एक वही आणि ती भरणारा एक चिकाटीचा कार्यकर्ता.

निर्णयाचं ओझं मात्र शेजारी उचलू शकत नाही. व्हेंटिलेटर लावायचा का, हा प्रश्न रात्री दोन वाजता आयसीयूच्या दाराशी विचारला जातो आणि ‘नको’ म्हणणारा मुलगा भावकीत खुनी ठरतो. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची किचकट पद्धत सोपी केली. इच्छापत्र करायला आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर भागतं. धडधाकट असताना बापानं दोन पानं लिहून ठेवली तर त्या दाराशी उत्तर बापाचं असतं, मुलाचं नाही.

माणूस गेल्यावर दहा-बारा दिवस घर भरलेलं असतं आणि मग एकदम रिकामं होतं. पॅलिएटिव्ह विभागाची चांगली माणसं याच सुमारास फोन करतात, जमलं तर येऊन जातात. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या घरात ठेवायच्या नाहीत, जिथून आणल्या तिथेच परत द्यायच्या. खाट आणि वॉटर बेड मंडळाच्या मुलांनी आपण होऊन न्यावा, अनामतीची पावती हुडकायला त्या घराला लावू नये. आणि ज्या बाईनं हे सगळं केलं तिला त्याच आठवड्यात डॉक्टरकडे न्यावं. रक्तदाब, साखर, कंबर आणि पुढे ढकललेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन, यांतलं काय काय तिनं नवऱ्याच्या आजारापायी वर्षभर कुणाला सांगितलेलंच नसतं.