सायकलची कुरकुर : निदान आणि उपचार

आपल्या हॉस्टेलच्या सायकल स्टँडजवळ डोळे मिटून उभं राहिलं, तरी कोण आलं ते बिनचूक सांगता येतं. 'खडखडखड' म्हणजे मडगार्डवाला. 'कुईंऽ कुईंऽ' म्हणजे चेनला गेल्या दिवाळीनंतर तेल न मिळालेला. आणि 'टक... टक... टक' म्हणजे ज्याच्यासाठी हा लेख लिहितोय तो!

विंगमधल्या सायकली दुरुस्त करता करता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आवाज आला की आपण दोनच गोष्टी करतो. एक तर दुर्लक्ष, नाहीतर थेट दुकानात जाऊन "काहीतरी वाजतंय, बघा" असं सांगणं. 'काहीतरी' या शब्दाचं बिल नेहमी जास्त येतं. त्यापेक्षा रोग ओळखून गेलेलं बरं, आणि निम्म्या वेळा तर जायचीही गरज पडत नाही.

कानावर भरवसा नको

सायकलची फ्रेम म्हणजे पोकळ स्टीलच्या नळ्या. एका टोकाला झालेला आवाज त्यातून सगळीकडे पसरतो, त्यामुळे सीटखालची कुरकुर पायडलपाशी ऐकू येते आणि हँडलची टकटक पुढच्या चाकात. म्हणून आवाज 'कुठून' येतो हे आधी विचारू नका. तो 'केव्हा' येतो ते विचारा.

१) पायडल मारणं थांबवल्यावर आवाज थांबतो का? थांबला तर संशयित म्हणजे चेन, चेनव्हील, पायडल, क्रँक आणि बी.बी. (क्रँकच्या मधला एक्सल, त्याच्या कटोऱ्या आणि छर्रे). चालूच राहिला तर चाकं, टायर, ब्रेक किंवा मडगार्ड.

२) सीटवरून उठून, उभं राहून पायडल मारलं तर? आवाज गायब झाला तर गुन्हेगार सीट आहे. पायडल मारताना आपण डावी-उजवीकडे झुलतो, त्यामुळे सीटची कुरकुर पायडलची वाटते. इथे बरेच जण फसतात.

३) फक्त खड्ड्यात येतो का? मग कुठला तरी नट ढिला आहे. सायकल दोन-तीन इंच उचलून सोडून द्या. मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर, स्टँड, घंटी यातलं जे वाजेल ते हाताने दाबून परत सोडा. आवाज बंद झाला की सापडला.

४) फक्त ब्रेक मारल्यावर येतो का? त्याबद्दल पुढे.

आता मोजा!

इथे आपलं इंजिनीअरिंग कामाला येतं. समजा, तुमच्या चेनव्हीलला ४८ दाते, फ्रीव्हीलला १८ दाते आणि चेनमध्ये ११२ कड्या आहेत. (आपापल्या सायकलचे एकदा मोजून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.) पायडलच्या एका फेरीत मागचं चाक ४८ ÷ १८, म्हणजे सुमारे २.६७ वेळा फिरतं. सोपं करून सांगायचं तर पायडलच्या तीन फेऱ्यांत चाकाच्या आठ. चेनची एक पूर्ण फेरी व्हायला पायडलच्या ११२ ÷ ४८, म्हणजे सुमारे २.३३ फेऱ्या लागतात. म्हणजे पायडलच्या सात फेऱ्यांत चेनच्या तीन.

आता उजवा पाय खाली आला की 'एक' असं मोजत चला.

फेरीला एकदा टक : एक पायडल, चेनव्हीलचा वाकलेला दाता, किंवा क्रँक चेनकव्हरला घासतोय.
फेरीला दोनदा टक : क्रँकची कॉटर पिन किंवा बी.बी. दोन्ही पायांचा जोर तिथेच येतो.
तीन फेऱ्यांत आठदा : चाक. रिम 'आऊट' होऊन ब्रेकला लागतेय, टायरला फुगवटा आहे किंवा स्पोक तुटलाय.
सात फेऱ्यांत तीनदा : चेनची एखादी कडी आखडली आहे.

आमच्या एका सरांच्या सायकलला फेरीला एकदा टक व्हायचं. दोन पायडलं बदलून झाली होती. शेवटी निघाली बुटाची लेस! तिच्या टोकाचं प्लास्टिक प्रत्येक फेरीला क्रँकवर आपटत होतं. तेव्हा पान्हा उचलण्याआधी बूट बघा.

कुरकुर का होते?

फळ्यावर खडू किंचाळतो आणि सायकल कुरकुरते, यामागचं कारण एकच. दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले गेले की आधी चिकटतात, जोर वाढला की सटकतात, परत चिकटतात. हे सेकंदाला शेकडो वेळा झालं की सूर लागतो. म्हणजे कुरकुर याचा अर्थ असा, की जिथे जोड घट्ट असायला हवा तिथे तो सूक्ष्म हलतोय, आणि तोही कोरडा. उपाय ठरलेला : जोड उघडा, पुसा, ग्रीस लावा, परत आवळा. सीटची नळी, सीटचा क्लॅम्प, हँडलचा स्टेम आणि पायडलचे आटे, या चार जागांवर एवढंच केलं की बहुतेक कुरकुरी जातात.

पायडलची एक गंमत माहीत हवी. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. सोपी खूण : पान्हा वरच्या बाजूला धरून पुढच्या चाकाकडे ढकलला की दोन्ही पायडलं आवळली जातात, मागे ओढला की सैल होतात. हे माहीत नसलेल्यांनी डाव्या क्रँकचे आटे खाल्लेले मी पाहिलेत.

'टक टक'ला हसू नका

साध्या काळ्या सायकलचा क्रँक एक्सलवर एका पाचरीने, म्हणजे कॉटर पिनने बसवलेला असतो. ती सैल झाली की फेरीला दोनदा टक होतं. आमच्या विंगमधल्या एकाला हा आवाज आठवडाभर येत होता. त्याने इअरफोनचा आवाज वाढवला. पुढे चढावर उभं राहून जोर लावताना पिन सटकली, पाय खाली गेला आणि गुडघा थेट रस्त्यावर. पाच टाके पडले आणि सबमिशन लांबलं ते वेगळंच. नशीब, मागून बस नव्हती.

तपासणी अशी करा. दोन्ही क्रँक जमिनीला समांतर ठेवा आणि दोन्ही पायडलांवर एकदम हाताने जोर द्या. मग अर्धी फेरी फिरवून परत तेच करा. एखादा क्रँक किंचितही 'बसला' तर पिन गेली. इथे सगळे जण एक चूक करतात : पिनचा नट आवळतात. नट पिनला बसवण्यासाठी नसतो, बसलेली पिन धरून ठेवण्यासाठी असतो. आधी क्रँकच्या खाली जाड पाइपचा तुकडा उभा टेकवा, म्हणजे हातोडीचा मार छऱ्यांवर जात नाही. मग पिनच्या जाड टोकावर ठोका आणि त्यानंतरच नट आवळा. दोन दिवस चालवून पुन्हा एकदा ठोका. पिनच्या सपाट बाजूवर खाच पडली असेल तर सरळ नवीन पिन टाका. वर्कशॉपचे मामा कानसाने ती घासून नेमकी बसवून देतात, आणि फिटिंगच्या तासाला आपण काय शिकतो तेही तेव्हा कळतं!

चेन आणि छर्रे

आज आपण वापरतो ती रोलर चेन हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टरला पेटंट केली. कडीची लांबी अर्धा इंच. म्हणजे नवीन चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. ड्रॉइंगची पट्टी लावा. १२ इंच आणि वर एक अष्टमांश भरलं तर चेन झिजली, बदला. ती तशीच चालवली तर दातेही झिजतात आणि खर्च तिप्पट होतो.

तेल शिलाई मशीनचं घाला, प्रत्येक रोलरवर एक थेंब, आणि वरचं पुसून टाका. कृपा करून डोक्याला लावायचं खोबरेल तेल घालू नका! ते २४ अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबरच्या सकाळी चेनवर चक्क लोण्यासारखा थर बसतो आणि धूळ धरतो.

'खरखर' असेल तर चेन उतरवून क्रँक हाताने फिरवा. बोटांना रेतीसारखं लागलं तर बी.बी. उघडायची वेळ झाली. एखादा छर्रा फुटला असेल तरी सगळे नवीन टाका. जुने झिजलेले असतात, त्यात एकच नवीन मोठा छर्रा घातला तर सगळा भार त्याच्यावर येतो आणि तोही फुटतो.

ब्रेक किंचाळत असेल तर रबर कडक होऊन चकाकतंय का बघा. सँडपेपरने घासा आणि रिम कोरड्या फडक्याने पुसा. रिमला तेल कधीही लावायचं नाही. आवाज थांबेल हे खरं, पण सायकलही थांबणार नाही.

केव्हा थांबायचं?

फ्रीव्हीलची टिकटिक निरोगी आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. खडखड त्रासदायक आहे, पण रविवारपर्यंत थांबू शकते. तीन गोष्टींत मात्र त्याच दिवशी सायकल बाजूला ठेवा. एक, क्रँकची टकटक. दोन, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवल्यावर हँडलखाली 'टक' होणं. तीन, सगळं पुसून, ग्रीस लावून, आवळूनही न जाणारी कुरकुर. अशा वेळी चिमट्याची मान आणि फ्रेमचे जोड उजेडात नीट बघा. रंगावर केसाएवढी रेघ आणि तिच्या कडेला गंज दिसला तर ती तडा आहे. स्टील बहुधा एकदम तुटत नाही, आधी सांगतं.

शेवटी एक नियम. एका वेळी एकच गोष्ट बदला, चक्कर मारा, ऐका, मग पुढची. सगळं एकदम आवळलं तर आवाज जाईलही, पण तो कशाचा होता ते कळणार नाही, आणि परत आला की पुन्हा पहिल्यापासून! पान्हा, हातोडी आणि तेलाची बाटली माझ्या रूममध्ये आहे. रात्री जेवणानंतर केव्हाही न्या. फक्त सकाळी परत आणून द्या, पुढचा पेशंट थांबलेला असतो.