विमान उचलू नका, उठू द्या

रब्बीची काढणी उरकली, रान मोकळं झालं. सुट्टीत काम करून साठवलेल्या पैशांतून माझ्या भाच्यानं यंदा रेडिओवर चालणारं शिकाऊ विमान आणलं. पंख वरच्या बाजूला, खाली तीन चाकं, अंग हलक्या बाल्सा लाकडाचं. पहिल्याच दिवशी त्यानं पॉवर एकदम पुरती दिली. विमान डावीकडं बांधाच्या दिशेनं ओढलं गेलं. पोरगं घाबरलं, नाक वर करायची दांडी जोरात मागं खेचली. विमान कसंबसं हातभर उठलं, एक पंख कलला आणि नाक ढेकळात. पुढचा पंखा मोडला.

दाजी बांधावर बसून बघत होते. म्हणाले, "नव्या बैलाला पहिल्याच तासाला चाबूक मारल्यावर तो सरळ चालंल व्हय?"

बोलणं खरं होतं. पंखावरून पुरेसा वारा वाहिला तरच विमानाला उचल मिळते. वेग नसताना नाक वर केलं, तर पंख हवा धरत नाही आणि विमान कोसळतं.

म्हणून शिकणाऱ्यांनी आधी वारं पाहावं. उफणणी करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. चिमूटभर माती सोडून बघा आणि विमानाचं तोंड वाऱ्याकडं करा. समोरून वारा आला की थोडं धावूनच विमान उठतं. सकाळी वारं शांत असतं, तीच वेळ बरी. नांगरट नको, माळाची कडक, सपाट, निदान १०० पावलांची पट्टी निवडा.

स्वतः विमानाच्या मागं उभं राहा, म्हणजे डावं-उजवं उलटं वाटत नाही. सगळ्या दांड्या हलवून पाहा. मग पॉवर ३-४ सेकंदांत हळूहळू वाढवा. मागून पाहिलं तर पंखा घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, त्यामुळं विमान डावीकडं ओढतं. शेपटीचं सुकाणू किंचित उजवीकडं देऊन त्याला तासात ठेवा. चाकं हलकी झाली की दांडी अगदी थोडी मागं घ्या. पंख सपाट ठेवून सावकाश चढू द्या. उंची मिळेपर्यंत वळवू नका. मध्येच इंजिन बंद पडलं तर मागं फिरू नका. नाक थोडं खाली करून समोरच उतरवा.

फिरत्या पंख्यापुढं बोट नेऊ नये. विजेच्या तारा, जनावरं, माणसं यांच्यापासून लांब राहावं. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार आकाशाचे हिरवे, पिवळे, लाल पट्टे ठरलेले आहेत. आपलं रान हिरव्यात येतं का, ते आधी पाहून घ्यावं.

भाच्यानं नवा पंखा बसवला, नाकाला डिंक लावून दोन दिवस वाळवलं. तिसऱ्या सकाळी विमान सरळ धावलं आणि अलगद उठलं. दाजी उठून उभेच राहिले. मग हळूच म्हणाले, "आता खाली कसं आणायचं रं?"