गोगलगायीच्या पोटातले औषध
नीलहरित शैवाल नावापुरतेच शैवाल. खरे तर ते जीवाणू. त्यांचा अर्क कर्करोगाच्या पेशींवर घालायचा, पेशी मेल्या तर अर्कातले घटक वेगळे करून पुन्हा तपासायचे. मारक अर्क पुष्कळ मिळतात. नेमक्याच पेशी मारणारे विरळा. म्हणून मला डोलास्टॅटिन १० महत्त्वाचे वाटते. जॉर्ज पेटिट यांनी १९८७ मध्ये त्याची रचना मांडली, ती हिंद महासागरातल्या समुद्री गोगलगायीतून. ढीगभर गोगलगायींतून हाती येणार जेमतेम मिलिग्रॅम! २००१ मध्ये पलाऊ बेटांजवळच्या नीलहरित शैवालात तोच रेणू सापडला. गोगलगाय नुसती खाणारी! रुग्णांवर तो एकटा निष्प्रभ ठरला. पण त्याच्यावरून घडवलेला रेणू प्रतिपिंडाला जोडून केलेले औषध २०११ मध्ये अमेरिकेत हॉजकिन लिम्फोमासाठी मंजूर झाले.