दाबाला परतीची वाट

किनेटिक चौकात गाडी आचके देऊन बंद पडली आणि पेट्रोलचा भपकारा आत आला. बॉनेट उघडलं तर कार्बोरेटरमधून पेट्रोल उतू जात होतं आणि ओघळून गरम इंजिनावर टपकत होतं. इंजिन बंद होतं, पण मागच्या बाजूला पंपाची घरघर चालूच होती. चावी काढली तेव्हा ती थांबली. त्या दिवशी ठिणगी पडली नाही, एवढंच.

गाडी जुनी मारुती ८००, एमपीएफआय इंजिनाची. म्हणजे तिला कार्बोरेटर नव्हताच. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर आणि सगळ्यांवर देखरेख करणारा संगणकी डबा. उंदरांनी वायरिंग कुरतडलं, डबा बिघडला. नवा महाग. एका गॅरेजवाल्याने तोडगा सुचवला, ‘जुन्या आठशेचा कार्बोरेटर बसवून टाकू, कटकट मिटेल.’ मीही मान डोलावली. पाच दिवसांनी वरचा प्रसंग घडला. कार्बोरेटर चांगला होता, पंपही चांगला होता. मग चुकलं काय? हे शोधताना जे हाती लागलं, ते इथे मांडतो. मी इंजिनिअर नाही, पण यातलं गणित शाळेतल्या भौतिकशास्त्रापलीकडचं नाही.

सुरुवात त्या चौकाच्या नावापासूनच करू. किनेटिक कंपनीची लुना १९७२ साली बाजारात आली आणि नगरचं नाव घरोघर पोचलं. त्या लुनेत पेट्रोलचा पंपच नव्हता. टाकी वर, कार्बोरेटर खाली. कॉक उघडला की पेट्रोल आपल्याच वजनाने खाली उतरायचं. ही उंची वीतभर, फार तर फूटभर. फूटभर उंचीच्या पेट्रोलचा दाब साधारण ०.०२ बार भरतो. (एक बार म्हणजे ढोबळमानाने आपल्याभोवतीच्या हवेचा दाब.) एवढ्याशा दाबावर एका पिढीने शाळा, दूध, बाजार, नोकरी सगळं उरकलं.

म्हणजे कार्बोरेटरला दाब लागत नाही, पातळी लागते. त्याच्या पोटात एक छोटी वाटी असते. वाटीत फ्लोट तरंगतो. पेट्रोल चढलं की फ्लोट वर येतो आणि एका टोकदार सुईने वरचं छिद्र बंद करतो. पातळी उतरली की छिद्र उघडतं. घरावरच्या टाकीतला बॉलकॉक आठवा, तत्त्व तेच. वाटीतली पातळी स्थिर राहिली तरच जेटमधून मोजकं पेट्रोल ओढलं जातं. पुढचं काम आत जाणारी हवा करते.

इंजेक्शनची रीत उलट. तिथे वाटी नाही, पातळी नाही. इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारी अतिशय बारीक झडप. ती सेकंदाचा काही हजारावा भाग उघडते आणि तेवढ्यात नेमकं पेट्रोल फवारायचं असतं. त्यासाठी मागे पक्का दाब हवा, साधारण अडीच ते तीन बार. पेट्रोलच्या उंचीत सांगायचं तर तीन बार म्हणजे सुमारे एकेचाळीस मीटर, १३५ फूट. शहादोंगरावरची सलाबतखानाची कबर, जिला आपण चांदबिबीचा महाल म्हणतो, ती सुमारे सत्तर फूट उंच आहे. तसे दोन महाल एकावर एक ठेवून वर टाकी मांडली, तर खाली जो दाब मिळेल तो इंजेक्शनच्या पंपाचा. लुनेची वीतभर उंची एकीकडे, हे दोन महाल दुसरीकडे. आणि सुई तीच.

सुईवर येणारा जोर काढून पाहू. छिद्राचा व्यास दोन मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ सव्वातीन चौरस मिलिमीटरच्या आत भरतं. जुन्या आठशेत कॅमशाफ्टवर चालणारा पडद्याचा पंप असे. अशा पंपांचा दाब ०.२ ते ०.३ बारच्या आसपास असतो. ०.२ बारला सुईवर जोर येतो सुमारे साडेसहा ग्रॅमचा. तीन बारला तोच जोर होतो ९६ ग्रॅम. फ्लोट पोकळ आणि हलका. तरंगण्यातून त्याला मिळणारी ताकद काही ग्रॅमांची, पट्टीच्या तरफेने ती दोन-तीन पट होते, एवढंच. साडेसहा ग्रॅम तो आरामात पेलतो. ९६ ग्रॅमपुढे सुई मागे ढकलली जाते आणि वाटी भरून वाहते. माझ्या गाडीत हेच झालं होतं. टाकीतला तीन बारचा पंप तसाच ठेवून त्याचा पाइप थेट कार्बोरेटरला जोडला होता.

‘मग पाइप चिमटून टाकायचा, किंवा मध्ये बारीक भोकाचं जेट घालायचं’ हा सल्ला मला तीन ठिकाणी मिळाला. तो पटतो, म्हणूनच धोक्याचा आहे. अरुंद वाट दाब कमी करते ती प्रवाह चालू असताना. नळाला लावलेल्या लांब पाइपचं टोक अंगठ्याने पूर्ण दाबून धरा. पाइप कितीही बारीक असो, थोड्या वेळात अंगठ्यावर टाकीचा पूर्ण दाब येतो. कार्बोरेटरमध्ये सुई हाच तो अंगठा. तिने छिद्र बंद केलं की प्रवाह शून्य, आणि प्रवाह शून्य म्हणजे चिमट्याचा उपयोगही शून्य. बंद सुईवर पूर्ण तीन बार येऊन उभे राहतात. चालत्या गाडीत हा दोष लपतो आणि सिग्नलला थांबल्यावर उघडा पडतो.

दुसरी चूक त्याहून सभ्य दिसते. बाजारात साधा, दोन तोंडांचा रेग्युलेटर मिळतो, तो मध्ये बसवायचा. तो कमी दाबाच्या पंपासाठी केलेला असतो. मागून तीन बार आले की तो पुरता बंद होत नाही आणि पुढचा दाब हळूहळू चढतो. शिवाय पंपाला दुसरी वाट नसते. इंजेक्शनचा पंप तासाला पन्नास लिटरहून जास्त पेट्रोल ढकलू शकतो; उभ्या गाडीचं इंजिन त्या वेळात लिटरभरही पीत नाही. उरलेलं जाणार कुठे? पंप बंद दारावर डोकं आपटत राहतो, पेट्रोल तापतं, पंप झिजतो.

उत्तर नगरच्या मातीत पूर्वीपासून आहे. निजामशाहीच्या काळात कापूरवाडीसारख्या गावांकडून शहरात पाणी आलं ते खापरी नळांनी. भाजलेल्या मातीचा नळ फार दाब सोसत नाही, म्हणून अशा योजनांत उतार आणि दाब दोन्ही सांभाळावे लागत. कात्रजहून शनिवारवाड्याकडे गेलेल्या पेशवेकालीन नळावर वाटेत उच्छ्वास बांधलेले आहेत. कोंडलेली हवा आणि वाढलेला दाब यांना तिथे मोकळं व्हायला जागा मिळते. दाबाशी झुंजायचं नाही, त्याला वाट काढून द्यायची, हे शहाणपण त्या बांधकामात आहे.

गाडीतही तेच. पहिला आणि सोपा मार्ग म्हणजे मोठा पंप काढून कार्बोरेटरसाठीचा ०.२ ते ०.३ बारचा विजेचा पंप लावणं. तो टाकीजवळ आणि शक्य तितका खाली हवा. पेट्रोल ओढण्यापेक्षा ढकलणं त्याला सोपं जातं. दुसरा मार्ग तीन तोंडांच्या रेग्युलेटरचा. एका तोंडातून पेट्रोल येतं, दुसऱ्यातून कार्बोरेटरला जातं आणि जास्तीचं तिसऱ्यातून टाकीत परततं. ही परतीची नळी ऐसपैस हवी. ती बारीक असेल तर तिच्यातच दाब साठतो आणि रेग्युलेटर कितीही फिरवला तरी काटा खाली येत नाही. काही इंजेक्शन गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच असतो आणि परतीची नळी नसतेच. तिथे ती नव्याने टाकावी लागते. वाहतं पेट्रोल थंड राहतं, हा आणखी फायदा. मे महिन्यात नळीत वाफ धरून गाडी अडण्याचा त्रास त्याने कमी होतो. दाब मोजायला शून्य ते एक बारचा गेज घ्यावा. दहा बारच्या गेजवर ०.२ दिसतच नाही.

आता त्या घरघरीबद्दल. इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवली की पंप दोन-तीन सेकंद चालतो, आणि इंजिन फिरत नसेल तर संगणकी डबा तो बंद करतो. अपघातात इंजिन थांबलं की पंपही थांबतो. डबा काढला की हा पहारेकरीही जातो, आणि हे फारसं कोणी सांगत नाही. त्याच्या जागी ऑइलच्या दाबावर चालणारा स्विच किंवा इंजिन फिरत असेल तरच पंप चालवणारा रिले बसवलाच पाहिजे. नळ्याही बदलाव्यात, हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं आणि तडकतं.

हे सगळं मी केलं. गेजचा काटा ०.२ वर स्थिर राहिला, वाटी भरून वाहिली नाही, गाडी छान चालली. मग कागद वाचले. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणीपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. गाडीच्या धुराची मर्यादा तिच्या मूळ इंजिनावर ठरलेली असते. कार्बोरेटरचं मिश्रण जरा जाड झालं की सायलेन्सरआधीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अतोनात तापतो आणि खराब होतो. गाड्या तपासून प्रमाणित करणारी संरक्षण खात्याची व्हीआरडीई संस्था माझ्याच गावात आहे, आणि मी तिच्यापासून काही मैलांवर अंगणात बसून तपासून आलेली गाडी बिघडवत होतो. बंदिस्त मैदानावर पळणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. रस्त्यावरच्या गाडीला हा न्याय लागू नाही.

शेवटी वापरलेला डबा मिळवला, वायरिंग नवं ओढलं आणि गाडी मूळपदावर आणली. खर्च दुप्पट झाला. १ एप्रिल २०२० नंतर बहुतेक नव्या दुचाकींतूनही कार्बोरेटर गेला. फ्लोटची पट्टी बोटाने वाकवून पातळी लावणारे हात कमी होतील, तसे हे असे अर्धवट बदल अधिक धोक्याचे होतील. कारण जोडणाऱ्याला सुई काय पेलते हे ठाऊक नसेल. म्हणून हे लिहून ठेवलं. गेज माझ्याकडे आहे. कोणी असा बदल केलेली गाडी घेऊन आलं, तर आधी इंजिन बंद ठेवून पंप चालवतो, आणि सुईवर किती दाब येतो ते त्याला दाखवतो.