चक्क्याला चव हवी, साखर नव्हे

अलीकडे शहरांतील दुकानांच्या शीतकपाटांत ‘ग्रीक योगर्ट’ या नावाचे डबे मानाने विराजमान झालेले दिसतात. नाव परके असले तरी पदार्थ आपल्या ओळखीचाच आहे. दही कापडात बांधून त्यातील पाणी निथळू दिले की जो घट्ट, मऊ गोळा उरतो, त्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या चक्का म्हणत आलो. चक्का म्हटला की आपल्याला आठवते ते श्रीखंड, आणि श्रीखंडात साखर चक्क्याच्या जवळजवळ बरोबरीने पडते. सणावाराला ते शोभते. रोजच्या आहारात मात्र तो हिशेब परवडणारा नाही.

हिशेब समजून घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये केलेल्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर, तसेच मध व फळांचे रस यांतील साखर मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी असावी. ती 5 टक्क्यांच्या आत ठेवल्यास अधिक हितकर. प्रौढ व्यक्तीसाठी 5 टक्के म्हणजे साधारण 25 ग्रॅम, अर्थात सहा लहान चमचे. फळांच्या स्वादाच्या एखाद्या कपात 12 ग्रॅम साखर घातलेली असेल, तर दिवसाचा निम्मा वाटा तेवढ्यातच संपतो. लहान मुलांची मर्यादा तर याहूनही कमी. म्हणून वेष्टनावरील ‘वरून घातलेली साखर’ ही ओळ वाचण्याची सवय लावावी. बिनसाखरेच्या दह्यातही दुधाची स्वतःची शर्करा असतेच. तिची धास्ती नको.

साध्या चक्क्यात प्रथिनांचे प्रमाण दह्याच्या जवळपास दुप्पट असते. चावण्याची शक्ती कमी झालेल्या आजी-आजोबांना, वाढत्या वयाच्या मुलांना आणि आजारातून उठलेल्यांना तो उपकारक ठरतो. अडचण एकच: नुसता चक्का आंबट आणि सपक लागतो. मुले तोंड फिरवतात, आणि मग साखरेचा डबा उघडला जातो. तेव्हा खरा प्रश्न साखरेवाचून चव आणायची कशी, हा आहे.

या प्रश्नाचे उत्तर इगतपुरीच्या परिसरात सहज सापडते. सह्याद्रीच्या माथ्यावर, कसारा घाटाच्या वरच्या अंगाला वसलेल्या या तालुक्यात डोंगरउतारांवर नागली आणि वरईबरोबर खुरासणीही पिकते. खुरासणी, म्हणजेच कारळे, मंद आचेवर भाजून लसूण, सुकी मिरची व मीठ घालून कुटावी. वाटीभर चक्क्यात या चटणीचा एक चमचा मिसळला की नागलीच्या भाकरीबरोबर उत्तम तोंडीलावणे होते. जवस किंवा शेंगदाण्याची चटणीही अशीच चालते.

दुसरा मार्ग फोडणीचा. चमचाभर तेलात मोहरी, जिरे, हिंग, कढीपत्ता आणि ठेचलेला लसूण घालून फोडणी करावी आणि ती किंचित निवल्यावर चक्क्यावर ओतावी. कडकडीत फोडणीने चक्का फाटतो. वाफवलेला लाल भोपळा, भाजलेले वांगे, किसलेले गाजर किंवा काकडी यांची भरिते व कोशिंबिरी चक्क्यात घट्ट आणि पोटभरीची होतात. काकडी आधी पिळून घ्यावी आणि मीठ वाढतेवेळी घालावे, म्हणजे पाणी सुटत नाही.

गोडच हवे असेल तर ऋतूकडे पाहावे. उन्हाळ्याच्या अखेरीस घाटातील करवंदे आणि जांभळे, हिवाळ्यात सुरगाण्याच्या स्ट्रॉबेरी, नाशिकची द्राक्षे, कसमादे पट्ट्यातील डाळिंबे अशी संपदा जिल्ह्यातच आहे. पिकलेले केळे कुस्करून त्यात वेलची वा जायफळ घातले की साखरेची उणीव भासत नाही. बेदाणे किंवा खजूर रात्री भिजवून वाटून घालता येतात. मधुमेहींनी मात्र त्यांचेही प्रमाण मोजके ठेवावे. कच्चे अननस आणि पपई यांतील पाचकद्रव्ये दुधातील प्रथिने तोडतात व चक्का कडू होतो. ती फळे आयत्या वेळी मिसळावीत, किंवा अननस थोडा शिजवून घ्यावा.

दह्याला जोड देण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेत दही रात्री खाऊ नये, गरम करून खाऊ नये, आणि तूप-साखर, मुगाचे कढण, मध किंवा आवळा यांपैकी जोड असल्याशिवाय खाऊ नये, असे सांगितले आहे. त्यातील आवळा आजही अनुकरणीय: किसलेला आवळा, जिरेपूड आणि सैंधव चक्क्याला उत्तम चव देतात.

घरी चक्का करताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. इगतपुरीच्या गारठ्यात आणि मुसळधार पावसात दही लवकर लागत नाही. दूध कोमट असतानाच विरजण लावून भांडे जाड कापडात गुंडाळावे. चक्का टांगून बाहेर ठेवण्याऐवजी चाळणीत कापड घालून तो शीतकपाटात निथळावा. चार-सहा तास पुरेत. खाली साचलेल्या निवळीत कॅल्शियमचा काही अंश उतरलेला असतो. ती फेकू नये; कणीक भिजवण्यास अथवा कढीत वापरावी.

एक वर्षाखालील बाळाला मध कदापि देऊ नये, आणि त्याच्या वाटीत मीठ-साखरही नको. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी चक्क्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

मुलांची जीभ एका दिवसात बदलत नाही. आज दोन चमचे साखर पडत असेल तर पुढील आठवड्यात दीड, त्यानंतर एक, अशी उतरण ठेवावी आणि तेवढ्याच प्रमाणात फळ वाढवावे. महिन्याभरात साखरेचा डबा फडताळात मागे सरकलेला असेल.