फोल्डर माझे, अनुक्रमणिका गटसचिवांची

सकाळी ६.३०
मे महिन्यात कंधारला ऊन चढायच्या आत डोक्याचं काम उरकावं लागतं. मी विकास सोसायट्यांच्या संगणक-प्रणालीचं मदतपुस्तक लिहिते. काम करता करता अडलं की पडद्यावरच उघडतं ते. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे विकास सोसायट्यांच्याच, संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. सोसायटीचं दप्तर सांभाळणाऱ्या, किर्द-खतावणीत मुरलेल्या गटसचिवांना आता तोच हिशेब पडद्यावर लिहायचा आहे. माझा वाचक तो.

पहिलं काम यादीचं. जुनी पुस्तिका म्हणजे एक लांबलचक वर्ड फाइल, मास्टर, ट्रान्झॅक्शन, रिपोर्ट अशा मेनूच्या क्रमाने लिहिलेली. तिचे टॉपिक पाडायचे. एका टॉपिकमध्ये एकाच प्रश्नाचं पूर्ण उत्तर हवं. ‘कर्ज’ हा टॉपिक होत नाही. ‘कर्ज मागणी अर्ज नोंदवणे’ हा होतो. प्रत्येकापुढे लिहिते: कोण वाचणार, कधी वाचणार, वाचून काय करणार.

सकाळी ८.३०
तालुक्यातल्या एका गटसचिवांना फोन. सोसायटी उघडण्याआधी ते मोकळे असतात.

“काका, काल कुठं अडलं?”

“ताई, सभासद समोर बसलेला. म्हणला, बेबाकी दाखला द्या. आता तो मास्टरमध्ये हाय का रिपोर्टमध्ये, हे मला कसं कळावं?”

मी त्यांना सबंध वर्ष सांगायला लावते. पेरणीआधी सभासदांच्या कर्जाचं कमाल मर्यादा पत्रक तयार करून जिल्हा बँकेकडे मंजुरीला पाठवायचं. मग कर्जवाटप. नंतर वसुली. ३१ मार्चची तारीख पाळली, तर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर व्याजाची सवलत मिळते, म्हणून शेवटच्या आठवड्यात दारात गर्दी. मग ताळेबंद, लेखापरीक्षण, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा. अनुक्रमणिकेचा क्रम मला इथंच मिळतो.

सकाळी १०.००
आता फोल्डर. मदतपुस्तक लिहिण्याच्या फ्लेअर किंवा रोबोहेल्पसारख्या साधनांत टॉपिकच्या फाइली एकीकडे राहतात आणि अनुक्रमणिका ही वेगळी फाइल असते. नवशिक्या लेखकाला दोन्हींची रचना सारखीच ठेवावीशी वाटते. मी ती मुद्दाम वेगळी ठेवते. फोल्डर लेखकासाठी असतात: वर्षभराने माझ्या जागी आलेल्या माणसाला फाइल चटकन सापडली पाहिजे. अनुक्रमणिका वाचकासाठी असते, आणि वाचकाचं काम बदललं की तिचा क्रमही बदलतो. दोन्ही एकाच साच्यात बांधले, तर शासनाचा एक नवा नियम आला की सगळ्या फाइली हलवाव्या लागतात.

म्हणून फोल्डर सहसा न बदलणाऱ्या गोष्टींवर पाडते: सभासद, कर्ज, वसुली, हिशेब. पडद्याची चित्रं वेगळी. अनेक ठिकाणी लागणारा मजकूर, उदाहरणार्थ व्याज सवलतीची अट, एकदाच लिहून वेगळ्या फोल्डरात. अट बदलली की एका जागी दुरुस्ती पुरते. फोल्डरांची उतरंड दोन-तीन पायऱ्यांपलीकडे नेत नाही. ‘इतर’ नावाचा फोल्डर करत नाही, कारण न लावलेलं सगळं तिथंच साचतं. फाइलींची नावं रोमन लिपीत, मध्ये मोकळी जागा न सोडता.

दुपारी १.००
जेवणानंतर प्रत्येक टॉपिकचा प्रकार ठरवते: समजावून सांगणारा, कृती सांगणारा, की तक्ता देणारा. आयबीएममध्ये जन्मलेल्या आणि २००५ मध्ये ओएसिस संस्थेने मानक केलेल्या ‘डिटा’ पद्धतीने ही तिहेरी विभागणी जगभर रुजवली. तुकडे करून लिहिणं आणि तेच तुकडे नव्या क्रमाने वापरणं मराठीला मात्र फार जुनं आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसांना विचारून गोळा केल्या, छोट्या-छोट्या लीळांत मांडल्या आणि त्या एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध अशा लावल्या. केशोबासांनी स्वामींची वचनं निवडून सूत्रपाठ रचला, ११४ दृष्टांतांचा दृष्टांतपाठ सिद्ध केला. लीळा जीवनक्रमाने, सूत्रं विचाराच्या अंगाने: सामग्री तीच, वाचनाच्या वाटा दोन. माझ्या कामाचे पूर्वज मी यांनाच मानते.

दुपारी ३.३०
हलवाहलव. आधी सबंध प्रकल्पाची प्रत जपून ठेवते. मग फाइली साधनाच्या आतूनच हलवते, विंडोजच्या खिडकीतून कधीच नाही. आतून हलवल्या की साधन त्या फाइलीकडे येणारे सगळे दुवे दुरुस्त करून देतं. बाहेरून हलवल्या तर दुवे तुटतात आणि वाचकापुढे कोरं पान येतं. शेवटी तुटलेल्या दुव्यांचा अहवाल, आणि कुठेच न जोडलेल्या टॉपिकचा. जोड नसलेला टॉपिक कितीही चांगला लिहिलेला असो, अनुक्रमणिका चाळणाऱ्याला तो दिसत नाही.

संध्याकाळी ५.३०
अनुक्रमणिका. वरचे मथळे गटसचिवांच्या वर्षाचे: पेरणीआधी, कर्जवाटप, वसुली, मार्चअखेर, सभा. त्यांच्याही वर एक विभाग, ‘सभासद समोर बसला आहे’. त्यात बेबाकी दाखला, कर्जखात्याचा उतारा, वारस नोंद. एकच टॉपिक दोन मथळ्यांखाली आला तरी चालतो. फाइल एकच राहते. शोधशब्दांत बेबाकी, नो ड्यूज आणि निल दाखला तिन्ही घालते, कारण माणसं तिन्ही म्हणतात.

संध्याकाळी ७.००
काकांना चाचणीची प्रत पाठवून फोन लावते. “बेबाकी दाखला काढा,” एवढंच सांगते आणि गप्प राहते. कुठे थांबले, काय आधी दाबलं, ते वहीत उतरवते. मथळे सुधारायचे ते या नोंदींवरून.

उद्या वसुलीचे टॉपिक. तिथंही कसोटी हीच. गटसचिवांना उत्तर जागेवर सापडलं, तर पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याची सोसायटीपर्यंतची एक खेप वाचते. फोल्डर लावण्यात अख्खा दिवस घालवायचा तो त्या एका खेपेसाठी.